मोठा असताना देखणा, पॅनेलवर नुसता ठोकळा: लिनक्स आयकॉनच्या या चुका टाळा

मांडवीतल्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं छोटं सॉफ्टवेअर करायचं म्हटलं, तर त्याचं चिन्ह कोणतं यावर बडोद्यात वाद व्हायचं कारण नाही. लाल कापडात बांधलेला चोपडा, दिवाळीला ज्याचं पूजन होतं तो. इंकस्केप या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये ५१२ पिक्सेलच्या पानावर तो झकास उतरतो: कापडाची वीण, गुंडाळलेली दोरी, वर सोनेरी ‘श्री’, खाली मऊ सावली. मग तोच लिनक्सच्या पॅनेलवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीवर, २२ पिक्सेलमध्ये जातो आणि उरतो एक लाल ठोकळा, शेजारच्या पीडीएफ वाचकाच्या लाल ठोकळ्याला खेटून.

फाइन आर्ट्स फॅकल्टी आपल्याकडे १९५० पासून आहे, तेव्हा चित्र काढणाऱ्या हातांची इथे वाण नाही. काम अडतं ते चित्र आणि डेस्कटॉप यांच्या मधल्या टप्प्यात. चित्र काढणाऱ्याला वाटतं पुढचं प्रोग्रॅमर बघेल, आणि प्रोग्रॅमरच्या लेखी आयकॉन म्हणजे एक पीएनजी फाइल. खालच्या बहुतेक चुका या दोन समजुतींच्या पोटी जन्मतात. उदाहरणाला चोपडाच घेऊ.

आधी बघा, दिसतोय तो तुमचाच आयकॉन आहे का

“अगं, आयकॉन बिघडलाय, जरा नीट काढून दे,” असा निरोप आला की लगेच इंकस्केप उघडू नका. आयकॉन खराब दिसण्याच्या तक्रारींमागे अनेकदा चित्र नसतंच. फाइलचं नाव किंवा जागा चुकलेली असते.

डेस्कटॉप आयकॉन शोधतो तो क्रमाने. आधी वापरणाऱ्याने निवडलेली थीम (आयकॉनचा संच), मग ती थीम जिच्यावर बेतली आहे ती, आणि सरतेशेवटी ‘हायकलर’, सगळ्यांच्या मागे असलेला राखीव संच. म्हणून आपल्या ॲपचा आयकॉन हायकलरमध्येच ठेवायचा. लिनक्स डेस्कटॉपचे सामायिक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉपच्या नियमावलीनुसार तिथल्या ४८×४८ च्या ‘ॲप्स’ फोल्डरमध्ये एक पीएनजी हवीच. सोबत ‘स्केलेबल’मध्ये एसव्हीजी, म्हणजे कोणत्याही मापात ताणता येणारी रेखाटन-फाइल, दिली की उत्तम. काही जण फाइल थेट ग्नोम या डेस्कटॉपच्या अद्वैत किंवा केडीई या डेस्कटॉपच्या ब्रीझ थीममध्ये टाकतात. त्यांच्या मशीनवर सगळं ठीक चालतं. दुसऱ्याने थीम बदलली की आयकॉन गायब.

दुसरी चूक ‘.डेस्कटॉप’ फाइलमधल्या, म्हणजे ॲपची मेन्यूतली नोंद असते त्या फाइलमधल्या, आयकॉनच्या ओळीत होते. तिथे नुसतं नाव लिहायचं, ‘.पीएनजी’ हे शेपूट नको. फाइलचा पूर्ण पत्ता देण्याची मुभा नियमात आहे, पण तो दिला की डेस्कटॉपला मापाप्रमाणे निवड करता येत नाही. एकच चित्र सगळीकडे ताणलं किंवा दाबलं जातं. फ्लॅटपॅक या ॲप-वाटपाच्या पद्धतीत तर असा पत्ता कामालाच येत नाही.

नावही सर्वसाधारण नको. ‘अकाउंट्स’ किंवा ‘कॅल्क्युलेटर’ असं नाव दिलंत आणि वापरणाऱ्याच्या थीममध्ये त्याच नावाचं चित्र असलं, तर तुमच्या चोपड्याऐवजी तेच दिसणार. चूक थीमची नाही, तिने नियमच पाळला. आपलं डोमेन उलट क्रमाने लिहून केलेलं ॲपचं लांबलचक ओळखनाव, म्हणजे ॲप-आयडी, हेच नाव वापरा. फ्लॅटपॅक तर ॲप-आयडीने सुरू होणारेच आयकॉन बाहेर डेस्कटॉपला दाखवतो, आणि ५१२ पिक्सेलहून मोठा आयकॉन नाकारतो.

एवढं सगळं बरोबर असूनही जुनंच चित्र दिसत असेल तर कॅश, म्हणजे आधी वाचून ठेवलेली नोंद, बघा. इथे एक गंमत आहे. जीटीके हे ग्नोम ॲपच्या खिडक्या-बटणं काढणारं साधन आपली कॅश शिळी झाली का हे ठरवताना हायकलर फोल्डरची बदलाची वेळ पाहतं. तुम्ही फाइल टाकता ती दोन पायऱ्या आत, ‘ॲप्स’मध्ये, त्याने वरच्या फोल्डरची वेळ हलत नाही. म्हणजे जीटीकेच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. ‘जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश’ ही आज्ञा हायकलरवर चालवली की काम होतं. डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स वितरणांचं पॅकेज हे स्वतःच करतं, त्यामुळे ही अडचण हाताने कॉपी करणाऱ्यांच्याच वाट्याला येते. प्लाझ्मावर, म्हणजे केडीईच्या डेस्कटॉपवर, ‘केबिल्डसायकोका६’ चालवा. तरी हटलं नाही तर होम फोल्डरच्या ‘.कॅश’मधली आयकॉन-कॅशची फाइल उडवून पुन्हा लॉगिन करा.

मेन्यूत चोपडा, खिडकीला भलतंच

मेन्यूत आयकॉन बरोबर, पण ॲप उघडल्यावर डॉकवर दुसरंच काहीतरी: ग्नोमवर निनावी प्रोग्रॅमचं सर्वसाधारण चिन्ह, प्लाझ्मावर वेलँडचं (खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या नव्या यंत्रणेचं) पिवळं बोधचिन्ह. याचं कारण असं की वेलँडमध्ये डेस्कटॉप खिडकीचा ॲप-आयडी वाचतो आणि त्याच नावाची ‘.डेस्कटॉप’ फाइल शोधून तिच्यातून आयकॉन उचलतो. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. केडीईची ॲप जिच्यावर बनतात त्या क्यूटीमध्ये ‘सेट-डेस्कटॉप-फाइल-नेम’ आहे, जीटीकेमध्ये ॲप्लिकेशनचा आयडी.

वेलँडआधीच्या जुन्या एक्स११ यंत्रणेवर हेच काम ‘डब्ल्यूएम-क्लास’ हे खिडकीचं नाव करतं. पायथनमध्ये लिहिलेल्या ॲपचा क्लास बऱ्याचदा स्क्रिप्टच्या फाइलचंच नाव घेऊन बसतो. ‘एक्सप्रॉप’ ही आज्ञा चालवून खिडकीवर क्लिक करा, जे नाव येईल ते ‘स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास’च्या ओळीत लिहा. ग्नोममध्ये ऑल्ट आणि एफ२ दाबून ‘एलजी’ टाइप केलं की एक तपासणी-खिडकी उघडते. तिच्या विंडोज भागात प्रत्येक खिडकी कोणत्या ॲपशी जोडली गेली ते दिसतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बरं.

आता चित्र: २२ पिक्सेलमध्ये काय जगतं

५१२ ला २२ ने भागा: २३.२७. म्हणजे मोठ्या चित्रातली जवळपास प्रत्येक कड लहान मापात दोन पिक्सेलच्या मधे पडणार आणि दोन्ही पिक्सेल अर्धवट रंगणार. आयकॉन धूसर दिसतो तो यामुळे. २००५ मध्ये सुरू झालेल्या टँगो या आयकॉन-प्रकल्पाने १६, २२ आणि ३२ ही मापं वेगवेगळी काढण्याची शिस्त घालून दिली होती. आज सगळं एसव्हीजीवर सोपवून लोक मोकळे होतात. दाट पिक्सेलच्या पडद्यांवर ते खपतं, पण दुकानात गल्ल्याशेजारी असतो तो जुना, साधा मॉनिटर.

चोपडा लहान करताना वीण आणि सावली काढून टाका, त्यांच्यासाठी हळहळू नका. ‘श्री’चं काय करायचं यावर मात्र वाद होतो, कारण व्यापाऱ्याला ती हवी असते. शिरोरेषा, श, त्याला जोडलेला र, वरून येणारी वेलांटी: या सगळ्यांना रेघ लागते आणि रेघांमध्ये पोकळीही लागते. १६ पिक्सेलमधून चोपड्याची कड आणि मोकळी जागा वजा केली तर प्रत्येकीला एकेक पिक्सेलही पुरत नाही. पिवळा गोळा होतो. तिथे ‘श्री’ नको. तिरका ठेवलेला लाल आकार आणि त्यावरून गेलेली दोन पिक्सेल जाडीची फिकट दोरी, एवढ्यावर चोपडा ओळखू येतो. ‘श्री’ ४८ पासून पुढे ठेवा, तीही बारीक न ठेवता ठसठशीत.

इंकस्केपमध्ये एक पिक्सेलचं ग्रिड लावा आणि कडा त्यावर बसवा. इंकस्केप स्ट्रोक (आकाराच्या कडेची रेघ) रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वाटतं, म्हणून ग्रिडवर काढलेली एक पिक्सेलची रेघही धूसर येते. लहान मापाला स्ट्रोकऐवजी भरीव आकार वापरणं सोपं.

रंगावर विसंबू नका. बाकी असलेलं खातं लाल चोपड्याने आणि चुकतं झालेलं हिरव्याने दाखवण्याचा मोह होतो. लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांना दोन्ही सारखेच. जिंप या चित्र-संपादकात डिस्प्ले फिल्टर्सखाली रंगांधळेपणाचं दृश्य लावून बघता येतं. आणि गडद किरमिजी रंग काळ्या पॅनेलवर बुडतो, फिकट दोरी पांढऱ्यावर. दोन्ही पार्श्वभूमींवर तपासा.

एसव्हीजीतले सापळे

‘श्री’ अक्षर म्हणूनच ठेवलीत तर ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे लोहित किंवा नोटो या फॉन्टचं वेगळंच वळण येईल, देवनागरी फॉन्टच नसेल तर चौकोन. अक्षराचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारात, रूपांतर करा. मऊ सावलीचं तसंच आहे. क्यूटीचं एसव्हीजी इंजिन मुळात एसव्हीजी टायनी १.२ या आटोपशीर रूपावर बेतलेलं आहे. ब्लर (धूसर कडा) आणि मास्क (चित्राचा भाग झाकणं) जुन्या आवृत्त्यांना कळत नाहीत. ग्नोमवर सुंदर आणि प्लाझ्मावर काळा डाग, असं झालं तर संशय इथेच घ्या. पान चौरसच ठेवा; ‘पान चित्राएवढं करा’ हे बटण दाबलं की कडेची मोकळी जागा जाते आणि आयकॉन शेजाऱ्यांपेक्षा फुगलेला दिसतो.

सुसंगत म्हणजे एकसारखा नव्हे

मार्च २०१९ च्या ३.३२ आवृत्तीपासून ग्नोमने आयकॉनची शैली बदलली: कमी तपशील, ठळक आकार, समोरून पाहिल्यासारखं रूप. आराखडा १२८ पिक्सेलच्या चौकटीवर काढायचा. ब्रीझचा तोंडवळा निराळा. दोघांनाही खूश करण्यासाठी प्रत्येक थीमचा स्वतंत्र आयकॉन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते ओझं नंतर कोणीच सांभाळत नाही. पपायरस या थीमच्या मंडळींना हवा असेल तर ते आपल्या पद्धतीने काढतील. तुम्ही हायकलरमध्ये एकच, पण समजूतदार आयकॉन द्या. उजेड वरून, आकाराचं वजन शेजाऱ्यांएवढं, कडेला थोडी जागा. मोबाइलसारखा गोल कोपऱ्यांचा चौकोन मागे टाकू नका. चोपड्याला स्वतःची बाह्यरेषा आहे, ती झाकून काय मिळणार? ‘ॲप आयकॉन प्रिव्ह्यू’ नावाचं ग्नोमचं साधन तुमचा आयकॉन इतर ॲपच्या रांगेत ठेवून दाखवतं. तिथे तो फार ओरडतोय की फार लाजतोय हे चटकन कळतं.

सिंबॉलिक आयकॉन हा वेगळा प्रकार: १६ पिक्सेल, एकच रंग, नावाच्या शेवटी ‘-सिंबॉलिक’. रंग डेस्कटॉप भरतो. रंगीत चोपडा करडा करून तिथे खपवू नका. नुसती बाह्यरेषा आणि दोरीची फट पुरे.

राहिला परवाना. पपायरस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, ब्रीझ एलजीपीएलखाली. त्यांतला तुकडा उचललात तर त्या अटीही उचलल्यात. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या चोपड्याला बहुधा परवानाच नसतो. पॅकेज डेबियनमध्ये जायचं असेल तर मूळ एसव्हीजी आणि ती कोणाची, कोणत्या परवान्याखाली, हे पॅकेजमध्ये सुरुवातीलाच ठेवा.