जिल्हा परिषदेच्या शाळेत जगातील धर्मांची ओळख कशी करून द्यावी

जगातील धर्मांविषयी सरकारी शाळेत शिकवावे की नाही, असा प्रश्न शिक्षण परिषदेत निघाला की बहुतेक वेळा संविधानाचा दाखला देऊन विषय मिटवला जातो. संविधानाच्या अनुच्छेद 28 प्रमाणे पूर्णतः शासनाच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे खरे आहे. परंतु एखाद्या धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी माहिती देणे यांत मोठे अंतर आहे आणि कोठारी शिक्षण आयोगाने (1964-66) ते स्पष्टपणे दाखवून दिले होते. पुढे 1999 मध्ये आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सर्व प्रमुख धर्मांची मूलतत्त्वे विद्यार्थ्यांना कळावीत, अशी शिफारस केली, तर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात धर्मांच्या अभ्यासाला या अनुच्छेदाची आडकाठी नाही, असा निर्वाळा दिला. त्यामुळे शिकवावे, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. अडचण येते ती कसे शिकवावे याची, आणि पाचवी ते आठवीच्या शिक्षकांसाठी तेवढेच येथे मांडत आहे.

पहिले काम वर्गाबाहेरचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत कोणते धर्म, किती तासिकांत आणि कोणत्या पाठाला जोडून शिकवणार, हे आधीच सांगावे. शाळेत कोणतीही पूजा, प्रार्थना किंवा विधी करून घेतला जाणार नाही, हेही त्याच बैठकीत सांगून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. हा विषय परिपाठात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण परिपाठात मुले हात जोडून उभी असतात आणि त्या वेळी वाचलेला कोणताही धर्मग्रंथातील उतारा त्यांना प्रार्थनाच वाटतो. इतिहासाची तासिका त्यासाठी योग्य आहे. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाहांवर पाठ आलेला आहेच.

वर्गात बोलताना प्रत्येक विधानाला त्याचा कर्ता द्यावा. ‘कुराण अल्लाहने पाठवले’ किंवा ‘येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला’ असे शिक्षकाने स्वतःच्या तोंडाने म्हणू नये. ‘मुस्लिमांची अशी श्रद्धा आहे’, ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ असे म्हणावे, आणि स्वतःच्या धर्माविषयी बोलतानाही हा नियम तितक्याच काटेकोरपणे पाळावा. बहुतेक शिक्षक नेमके तेथेच घसरतात, कारण घरी ऐकलेली कथा श्रद्धा म्हणून सांगायची आहे, हे त्यांच्या लक्षातच राहत नाही. त्या धर्माचा एखादा जाणता माणूस मागच्या बाकावर बसला असता तर ‘होय, आम्ही हेच मानतो’ असे त्याने म्हटले असते का, एवढे तपासून पाहिले तरी पाठाचे टिपण पुष्कळसे निर्दोष होते.

आपल्याकडे ‘आमच्यात’ आणि ‘तुमच्यात’ हे शब्द सहज वापरले जातात. ‘तुमच्यात रोजा कसा असतो, सांग बरं’ असे वर्गातील एकुलत्या एका मुस्लिम मुलीला विचारले की ती त्या क्षणी विद्यार्थिनी राहत नाही, साऱ्या समाजाची प्रतिनिधी होते. उत्तर चुकले तर तिलाही वाईट वाटते आणि वर्गालाही चुकीची माहिती मिळते. मी स्वतः पूर्वी असे प्रश्न विचारले आहेत आणि खाली गेलेल्या माना पाहिल्या आहेत. मुलाने आपण होऊन सांगितले तर आनंदाने ऐकावे, मात्र बोट दाखवून विचारू नये. शिवाय एका धर्माचे सगळे लोक एकसारखे वागतात, असेही सांगू नये. एकाच वर्गात एकीकडे वारकऱ्यांची, दुसरीकडे महानुभावांची मुले असतात. लातूर-नांदेडकडे लिंगायत मुले असतात, ज्यांच्या समाजात दहनाऐवजी दफनाची परंपरा आहे.

सुरुवात दिनदर्शिकेपासून करावी, कारण तीत श्रद्धेचा वाद नसतो, गणित असते. मुलांना घरून जुन्या दिनदर्शिका आणायला सांगून रमजान ईदच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात: 3 मे 2022, 22 एप्रिल 2023, 11 एप्रिल 2024, 31 मार्च 2025. दर वर्षी ईद 11 दिवसांनी अलीकडे येते, हे मुले स्वतःच शोधतात. चंद्राची बारा महिन्यांची फेरी सुमारे 354 दिवसांची आणि सौर वर्ष सुमारे 365 दिवसांचे, हा फरक हिजरी कालगणना भरून काढत नाही, म्हणून रमजान सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आता दिवाळी पाहावी. लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये ते पुढे सरकून 12 नोव्हेंबरला गेले. कारण त्या वर्षी श्रावण अधिक होता. धोंड्याचा महिना, जावयाचे वाण आणि पुरणाचे धोंडे मुलांना ठाऊक असतात, पण तो महिना चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब जुळवण्यासाठी येतो, हे ऐकून त्यांचे डोळे चमकतात. ज्यू लोकही 19 वर्षांत 7 महिने वाढवून हाच मेळ घालतात. नाताळ सौर कालगणनेवर असल्याने 25 डिसेंबरला स्थिर राहतो, तर ईस्टर वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात, त्यानंतरच्या) पौर्णिमेवर आणि तिच्यापुढील रविवारावर ठरतो. दोन तासिकांत चार धर्म वर्गात येतात आणि कोणाचेही मन दुखावत नाही.

त्यानंतर आपल्या भूमीतून जगाकडे जावे. वेरूळच्या 34 लेण्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन आहेत. सहल नेताना लेणी मंगळवारी बंद असतात, हे लक्षात ठेवावे; 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश शुल्क नाही. केवळ कैलास दाखवून परत फिरू नये. दहाव्या लेण्यातील बुद्ध आणि बत्तिसाव्या लेण्यातील तीर्थंकर यांची चित्रे मुलांकडून काढून घ्यावीत आणि कोणाच्या अंगावर चीवर (भिक्षूचे वस्त्र) आहे, कोणाच्या नाही, हे त्यांनाच ओळखू द्यावे. मात्र बौद्ध धर्म लेण्यांतच संपवू नये. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर ज्यांच्या आजी-आजोबांनी हा धर्म स्वीकारला, ती मुले समोरच बसलेली असतात.

शीख धर्मासाठी नांदेडचे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब आहे, जेथे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे निधन झाले. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. हे समजल्यावर पंजाब मुलांना लांबचा वाटत नाही. इस्लामसाठी खुलताबादचे दर्गे आणि परभणीचा उरूस आहे. तेथून सूफी परंपरेकडे आणि मग अरबस्तानाकडे जाता येते. पैठणच्या एकनाथांचे हिंदू-तुर्क संवादाचे भारूड या टप्प्यावर अवश्य वाचावे, कारण त्यात दोघेही एकमेकांना कठोर प्रश्न विचारतात आणि तरी अखेरीस समेट करतात. ज्यू धर्मासाठी कोकणातील बेने इस्रायली लोकांची गोष्ट सांगावी: तेलाचा घाणा चालवणारे हे मराठी भाषक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ताओ, कन्फ्युशियस आणि शिंतो यांची ओळख नकाशावर चीन-जपान दाखवून थोडक्यात करून दिली तरी या वयाला पुरे. कोणताच धर्म न मानणारे लोकही जगात आहेत आणि चार्वाकांसारखी परंपरा आपल्याकडेही होती, हे मात्र सांगायचे राहू देऊ नये.

धार्मिक स्थळी नेताना त्या स्थळाच्या नावासह पालकांची लेखी संमती घ्यावी. पादत्राणे काढणे, डोके झाकणे हे शिष्टाचार पाळावेत. माथा टेकवणे किंवा प्रसाद घेणे मुलाच्या इच्छेवर सोडावे.

अवघड प्रश्न येतील. ‘सर, खरा धर्म कोणता?’ असे विचारणाऱ्या मुलाला ‘कोण काय मानतो हे आपण शाळेत शिकतो, खरे काय, हे तू घरच्यांशी बोलून आणि मोठेपणी स्वतः विचार करून ठरव’ असे उत्तर द्यावे. मराठवाड्यात याहून अवघड विषय रझाकारांचा, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या पाठीराख्या मुस्लिम संघटनेचा आहे. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची भाषणे होतात, घरी आजोबांनी अत्याचारांच्या आठवणी सांगितलेल्या असतात, आणि एखादे मूल वर्गमित्राकडे पाहून नको ते बोलून जाते. तेव्हा विषय दडपू नये. अत्याचार झाले, हे मान्य करावे, आणि त्याच बरोबर हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांची हकिकत सांगावी: रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हत्या करण्यात आली. रझाकार ही एक सशस्त्र संघटना होती आणि तिच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत मुस्लिमही होते, हे या एका हकिकतीतून मुलांना कळते.

मूल्यमापन माहितीचेच करावे. मुलाची श्रद्धा, त्याचे मत किंवा त्याने कोणता धर्म आवडल्याचे लिहिले, यांवर गुण देऊ नयेत. सत्राच्या शेवटी मुलांच्या वह्या पालकसभेत मांडून ठेवाव्यात आणि पालकांना त्या निवांत चाळू द्याव्यात. एखाद्या वाक्याला कोणी हरकत घेतली तर वही पुढे ओढून ते वाक्य त्यांच्याबरोबर पुन्हा वाचावे, आणि चूक आपली असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात ती दुरुस्त करून सांगावी.