प्रायोगिक लढाऊ विमानांची लाकडी मॉडेल: या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याचे नंदी घडवणारा हात विमानाकडे वळला की एक सवय आड येते. बैलाचं अंग डोळ्याला बरं दिसेल तसं भरता येतं, प्रायोगिक विमानाचं नाही. त्यातलं जे विचित्र दिसतं, तेच करून पाहायला ते विमान बनलेलं असतं.

अमेरिकेचं एक्स-29 घ्या. 14 डिसेंबर 1984 ला ते पहिल्यांदा उडालं. पंख पुढे झुकलेले. असे पंख वेगात वाऱ्याच्या दाबाने पिळतात आणि पीळ वाढत गेला तर मोडतात. म्हणून त्यात कार्बन फायबरचे थर अशा दिशेने बसवले, की पंख वाकताना पीळ आवरला जावा. मी पहिलं मॉडेल करताना दिशाच विसरलो. धड आणि दोन्ही पंख शिवणीच्या एकाच फळीतून सलग कापले. रेषे नाकाकडून शेपटीकडे गेलेले, म्हणजे पंखात आडवे. पॉलिशपेपर मारताना अंगठ्याचा जोर पडला आणि डावा पंख बिस्किटासारखा मुळाशी मोडला. चिकटवला, तर महिन्याभरात शेजारच्याच रेषेत पुन्हा गेला. तेव्हा पंख वेगळे कापा, रेषे मुळापासून टोकाकडे ठेवा. जोडताना बांबूच्या दोन बारीक खुंट्या घाला आणि फेविकॉल लावून रात्रभर बांधून ठेवा.

माप लांबीवरून काढू नका. नाकापुढची नळी कुठे धरलेली असते, कुठे सोडलेली. पंखांचा पसारा धरा: एक्स-29 चा 27.2 फूट, म्हणजे 1:48 प्रमाणाच्या मॉडेलला 6.8 इंच.

ओली फळी तर हातातच घेऊ नका. पावसाळ्यात केलेलं मॉडेल आपल्याकडच्या मे महिन्यात सांध्यात उघडतं. फळी सावलीत ठेवून दर आठवड्याला वजन करा. तीन-चार आठवडे वजन तेच भरलं की कापायला घ्या.

धडाची आवळलेली कंबर भरून काढण्याची चूक फार होते. 1953 चं अमेरिकी लढाऊ विमान वायएफ-102 सरळ धडाचं होतं, त्याला आवाजाचा वेग ओलांडता येईना. अमेरिकी अभियंते रिचर्ड व्हिटकॉम्ब यांच्या नियमाप्रमाणे पंखांजवळ धड आवळलं आणि डिसेंबर 1954 मध्ये वायएफ-102ए ने तो ओलांडला. ती कंबर खोलगट वाटते म्हणून पुट्टी भरली, की ते जुनं, अडलेलं विमान होतं.

एक्सबी-70 वाल्किरी या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या पंखांची टोकं उडताना 65 अंशांपर्यंत खाली वळायची, जमिनीवर मात्र सरळ असायची. चाकं बाहेर आणि टोकं पूर्ण खाली असं करू नका. ही विमानं दोनच बनली. पहिल्याचे पंख सपाट, दुसऱ्याचे 5 अंश वर उचललेले. दुसरं 8 जून 1966 ला हवेतल्या टकरीत गेलं. कोणतं करताय ते ठरवूनच शेपटीवर क्रमांक घाला.

झडीच्या दिवसांत लॅकर मारला तर तो पांढुरका पडतो. कोरडा दिवस बघून थिनरचा हलका फवारा द्या, बहुतेक वेळा साफ होतो.

आणि मॉडेल कूलरच्या झोतात मांडू नका. दिवसा ओलसर हवा, कूलर बंद झाला की कोरडी. पातळ पंख आठवड्यात वाकतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उन्हाने तापणारी भिंत सोडून ठेवा.