एल पासो–हुआरेसवर प्रबंध करायचाय? आधी पूल समजून घ्या

एल पासोला अर्थशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना मॉडेल बसवायची फार घाई असते. ते येतं हो, एखाद्या सेमिस्टरमध्ये हात बसतो. गाडी अडते ती आकडेवारीपाशी. टेक्सासमधलं एल पासो आणि नदीपलीकडचं मेक्सिकोचं सिउदाद हुआरेस रोजच्या व्यवहारात एकमेकांत मिसळलेली शहरं, पण सरकारी तक्त्यांत ती कधी शेजारीशेजारी बसत नाहीत.

जीडीपीच घ्या. अमेरिकेत तो महानगरनिहाय मिळतो. एल पासोच्या आकड्यात एल पासो आणि हडस्पेथ या दोन काउंटी येतात. मेक्सिकोची सांख्यिकी संस्था इनेगी मात्र राज्यापाशी थांबते, म्हणजे हाती लागतो तो हुआरेस ज्यात येतं त्या अख्ख्या चिवावा राज्याचा आकडा. हुआरेसपुरतं हवं असेल तर दर पाच वर्षांनी होणारी आर्थिक गणना आहे, नाहीतर सामाजिक सुरक्षा संस्थेकडे नोंदलेल्या कामगारांची मासिक संख्या. मी दुसरी वापरते. तिच्यात बिननोंदणीचा रोजगार येत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं आणि पुढे जायचं.

दोन शहरांना जोडणाऱ्या सीमेवरच्या पुलांच्या आकड्यांना मात्र वेळ द्या. अमेरिकेचं वाहतूक सांख्यिकी खातं दर महिन्याला माणसं, गाड्या, ट्रक मोजून देतं, पण फक्त अमेरिकेत येणारे. शिवाय ती मोजणी फेऱ्यांची असते, माणसांची नव्हे. रोज कामाला येणारी बाई महिन्याभरात वीस-बावीस वेळा मोजली जाते. दक्षिणेकडे, म्हणजे मेक्सिकोत, जाणाऱ्यांचा माग टोलवरून काढता येतो. एल पासो शहर स्वतःच्या पुलांवर तो घेतं. पण ब्रिज ऑफ द अमेरिकाजवर टोलच नाही (लोक त्याला ‘पुएंते लिब्रे’ म्हणतात), त्यामुळे तिथून गेलेली गाडी टोलच्या हिशेबात नसते. टोल वाढला की काही वाहनं तिकडे वळणार, हे उघड आहे. टोलच्या पुलावरची घट बघून ‘व्यापार मंदावला’ असं लिहिणाऱ्यांपासून सावध राहा.

माकिलादोरा, म्हणजे निर्यातीसाठी जुळणी करणारे कारखाने, 1965 च्या सीमा-औद्योगिकीकरण कार्यक्रमापासूनचे. त्यांची जुनी आकडेमालिका 2006 अखेर संपते, 2007 पासून नव्या व्याख्येची सुरू होते. दोन्ही सरळ जोडल्या तर आलेखात दिसणारी उडी रोजगाराची नसून व्याख्येची असते. मेक्सिकोच्या चलनाचं, पेसोचंही तसंच: 1993 मध्ये तीन शून्यं उडवली, आणि डिसेंबर 1994 मध्ये तो कोसळला. पहिली नुसती कागदावरची गोष्ट. दुसरी हुआरेसच्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या एल पासोच्या दुकानांना थेट झोंबणारी.

विषय सुचत नसेल तर 1 जानेवारी 2019 कडे बघा. उत्तर सीमेवरच्या पट्ट्यात मेक्सिकोने किमान वेतन दिवसाला 88.36 वरून 176.72 पेसो केलं आणि मूल्यवर्धित कर 16 वरून 8 टक्क्यांवर आणला. विषय मोहक आहे, पण दोन्ही बदल एकाच दिवशी लागू झाल्यामुळे कशाचा परिणाम कुठला, हे वेगळं काढताना घाम फुटतो. त्यात मार्च 2020 पासून 8 नोव्हेंबर 2021 पर्यंत अमेरिकेने पर्यटक-व्हिसावाल्या मेक्सिकन लोकांना जमिनीवरून येऊ दिलं नाही. ट्रक मात्र चालूच राहिले. म्हणून अभ्यासाचा काळ फेब्रुवारी 2020 ला थांबवा, आणि सीमापट्ट्याबाहेरचं एखादं शहर तुलनेला घ्या. इनेगीच्या व्याख्या-टिपा स्पॅनिशमध्ये वाचायची सवय पहिल्याच सेमिस्टरला लावून घ्या. इंग्रजी पानांवर त्यातलं निम्मंही सापडत नाही.