टर्बो बदलण्याआधी ऑइलचा रस्ता तपासा: डिझेल व्हॅनचं घरच्या घरी काम

सोलापूरहून तुळजापूरला जाताना गाव यायच्या जरा आधी घाट लागतो. भरल्या गाडीनं तो चढताना माझ्या व्हॅननं पहिल्यांदा निळा धूर सोडला. गाडी ओढेना, मागून शिट्टीसारखा आवाज. गॅरेजात टर्बो बदलून घेतला, तर महिन्याभरात नवा टर्बोही ऑइल टाकू लागला. दुसऱ्या खेपेला मी स्वतः पाना हातात घेतला. टर्बोच्या खालचा रिटर्न पाइप काढला, तर त्याच्या तोंडाशी राखाडी सिलिकॉन पेस्टची वाटाण्याएवढी गाठ अडकलेली. बसवताना पेस्ट जास्त लागली होती, ती दाबली जाऊन आत आली आणि तिथंच वाळली. टर्बोत काहीच खोट नव्हती. त्याच्यातून परत जाणाऱ्या ऑइलला वाट मिळत नव्हती, एवढंच.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. टर्बोला हात लावण्याआधी ऑइल कुठून येतं आणि कुठं जातं, तो सगळा रस्ता आधी बघायचा. यातलं बहुतेक काम घरासमोर, साध्या पान्यांनी होतं.

आधी यंत्र समजून घ्या

सायलेन्सरकडं निघालेल्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचं एक चक्र फिरतं. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. शाफ्टचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या वर जातो. एवढ्या वेगात तो बेअरिंगला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल वरून बारीक पाइपातून दाबानं येतं आणि खालच्या जाड पाइपातून आपल्या वजनानं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. खाली ओढणारा पंप नसतो, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, टर्बोचं सील म्हणजे रबरी ऑइल सील नव्हे. पिस्टनच्या रिंगसारखी लोखंडी रिंग असते. चक्रांच्या बाजूचा हवेचा आणि धुराचा दाब ऑइलला आत थोपवून धरतो, रिंग त्याला मदत करते. खालची वाट तुंबली की ऑइल आत साठतं आणि रिंगच्या कडेनं बाहेर पडतं. मग नवा टर्बो टाका नाहीतर आणखी एक, तो गळणारच.

धुराचा रंग

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर आणि पिकअप कमी म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. एअर फिल्टर चोंदलाय किंवा टर्बोनंतरचा होज फाटलाय. पांढरा धूर सुटत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट, तो विषय वेगळा.

इथं एक धोका नीट सांगतो. ऑइल जास्त प्रमाणात हवेच्या पाइपात गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळू लागतं. आपोआप रेस वाढते आणि बहुतेक वेळा चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडावर हात कधीही धरू नका. इंजिन बंद पडत नसेल तर माणसं लांब न्या. म्हणूनच निळा धूर जोरात येणारी गाडी "गॅरेजपर्यंत तर नेऊ" म्हणून चालवू नये. ऑइलचा लाल दिवा लागला तरी हेच, जागेवर बंद करायची.

पाना न लावता होणारी तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल ते सगळ्यांना कळतं, पण जास्त असणंही तितकंच वाईट. वरच्या खुणेच्या पुढं भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्याचा फेस होतो, चेंबरमध्ये दाब वाढतो आणि टर्बोतून खाली उतरणारं ऑइल अडतं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली तर पट्टीचा वास घ्या. सायलेन्सरच्या वाटेवरचा धुराचा फिल्टर आत साठलेली काजळी जाळून साफ होताना जादा डिझेल सोडलं जातं. गाडी नुसती गावातल्या गावात फिरत असेल तर त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. असं पातळ ऑइल लगेच बदला.

मग एअर फिल्टर. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ, उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ आणि सोलापूरच्या पूर्व भागात गाडी उभी असेल तर यंत्रमागांवरचा उडता कापूस, हे सगळं त्या कागदात जाऊन बसतं. चोंदलेल्या फिल्टरमुळं टर्बोच्या हवेच्या बाजूला पोकळी तयार होते आणि तीच रिंगमधून ऑइल ओढून घेते. कितीतरी गळके टर्बो नुसत्या नव्या फिल्टरनं थांबतात. पुस्तकातलं किलोमीटरचं अंतर साध्या रस्त्यासाठी दिलेलं असतं, इथं त्याच्या आधीच बदला.

आता बॉनेट उघडा आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) नि तिथून इंजिनापर्यंतचे होज बघा. आपली धूळ इथं कामाला येते. होजला चीर असेल किंवा क्लिप सैल असेल, तर दाबानं ऑइलची वाफ बाहेर येते आणि त्यावर धूळ बसून काळा, ओलसर डाग पडतो. होजची खालची बाजू दिसत नाही, तिथं बोटं फिरवा. ऑइल खालीच साचतं, त्यानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि तिथंच फाटतं.

चेंबरचा (क्रँककेसचा) दाब

इंजिन स्लोवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि नुसतं वर ठेवा. झाकण हलकं थरथरलं तर ठीक. उडायला लागलं, भकाभका धूर आला, तर दाब जास्त आहे. आधी ब्रीदरचा, म्हणजे हा दाब हवेच्या होजमध्ये सोडणारा, पाइप काढून चिखलासारखा मळ साफ करा आणि परत बघा. ब्रीदर मोकळा असूनही तोच प्रकार असेल तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, सिलिंडरमधला दाब त्यांच्या कडेनं चेंबरमध्ये उतरतोय. अशा इंजिनावर नवा टर्बो चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

टर्बोपर्यंत जाणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, त्यामुळं हे काम पहाटे धरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा आणि चाकांना दगड द्या.

एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा होज काढला की आतलं चक्र दिसतं. होजच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नैसर्गिक आहे, तो ब्रीदरमधून येतो. चमचाभर साचलेलं असेल तर पुढं तपासायला हवं. चक्राची पाती टॉर्चच्या उजेडात एक-एक बघा, तुटलेली, वाकलेली, कडा खाल्लेली तर नाहीत ना. मग शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. ऑइलच्या थरावर तरंगणारा शाफ्ट असल्यानं थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच, त्याला घाबरून टर्बो फेकू नका. पण चक्र बाजूच्या भिंतीला घासत असेल, किंवा शाफ्ट पुढं-मागं ओढल्यावर जाणवण्याइतका सरकत असेल, तर टर्बो गेला.

गेला तरी आतला गाभा घरी खोलू नका. तो मशीनवर बॅलन्स केलेला असतो आणि त्या वेगात केसभर फरकसुद्धा चालत नाही. आपलं काम आहे त्याच्याभोवतीचं.

वरचा पाइप, खालचा पाइप

वरच्या पाइपाचा बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट, काढा. त्याची भोकं बारीक असतात आणि काही गाड्यांत तिथं छोटी जाळीही असते. गाडी तापलेली असताना एकदम बंद केली की टर्बोतलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो, आणि तो याच पाइपात साठतो. आतून काळा खरखरीत थर दिसला तर तार घालून साफ करत बसू नका. सुटलेला कण थेट बेअरिंगमध्ये जातो. पाइप नवाच घ्या.

खालचा पाइप काढून उजेडाकडं धरा, आरपार दिसला पाहिजे. वरून ऑइल ओता, ते अडखळता कामा नये. रबरी असेल तर वाकून दबला नाही ना, ते बघा. टर्बोकडून चेंबरकडं सतत उतार हवा. चेंबरकडचं तोंडही पुसून घ्या. आणि पुसायला मागावरचं सुताचं वेस्ट वापरू नका. सोलापुरात ते सहज मिळतं, पण त्याचा एक धागा बँजोच्या भोकात बसला की पुरे. धागे न सुटणारं जुनं, पातळ सुती कापड घ्या.

परत बसवताना

तांब्याचे वॉशर नवे, गॅस्केट नवं आणि कोरडं. पेस्ट अजिबात नको. ऑइल आणि ऑइल फिल्टर याच वेळी बदला, ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच. धुराचा फिल्टर असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, तिथं दुसरं चालत नाही.

टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर उतरवा. आतलं ऑइल ओतून काढा, डिझेलनं धुवा आणि उन्हात दिवसभर उभा करून निथळू द्या. ओला बसवलात तर इंजिन तेच ऑइल नि डिझेल ओढून पळेल. चक्राचे तुकडे आत गेले असतील तर इंटरकूलर बदललेला बरा.

वरचा पाइप जोडण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओता आणि चक्र बोटानं फिरवा. बॅटरी जोडा. मग डिझेल तोडून, कसं ते गाडीच्या पुस्तकात असतं, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये थांबत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. ही पायरी गाळली तर नवा टर्बो पहिल्या काही सेकंदांतच कोरडा फिरून खराब होतो. त्यानंतर गाडी चालू करून दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवा, रेस देऊ नका. तेवढ्यात दोन्ही पाइपांचे जोड टॉर्चनं बघून घ्या.

काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. नाल्यात नको, बांधावर तर नकोच.

पहिली फेरी मी तुळजापूरचीच करतो. घाट चढून वर गेल्यावर लगेच चावी फिरवत नाही, दोन मिनिटं स्लोवर ठेवतो म्हणजे टर्बोतली उष्णता ऑइलबरोबर निघून जाते. घरी आल्यावर, इंजिन थंड झालं की पट्टी बघतो आणि सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळतो. नव्या होजचं रबर पहिल्या तापण्यानंतर बसतं, आणि क्लिप अर्धा आटा तरी फिरतेच.