डिस्पॅचपासून उलटं बोला: कारखान्यातल्या खात्यांची सकाळची बैठक

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या साठ-सत्तर माणसांच्या मशीन शॉपमध्ये सगळी खाती एकाच पत्र्याखाली असतात. तरी क्यूसीने (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्याने) माल अडवलाय हे डिस्पॅचला कळतं ते गाडी गेटवर लागल्यावर. व्हॉट्सॲप ग्रुपने हे सुटत नाही. तिथे सगळे 'नोटेड' लिहितात आणि काम कोणाच्याच गळ्यात पडत नाही.

शॉप फ्लोअरवर, येता-जाता दिसेल असा ४ बाय ६ फुटांचा पांढरा फळा लावा. रकाने पाच: तारीख, अडचण, कोण करणार, कधीपर्यंत, स्थिती (अडलेलं लाल, सुटलेलं हिरवं). 'कोण करणार'मध्ये माणसाचं नाव लिहा. नुसतं 'मेंटेनन्स' लिहिलं तर दोन्ही फिटर एकमेकांकडे बघतात.

बैठक सकाळी ८:३० ला, १२ मिनिटं, उभ्याने. खुर्च्या आल्या की चहा येतो, आणि मग पाऊण तास गेलाच. प्रॉडक्शन, क्यूसी, मेंटेनन्स, स्टोअर, पर्चेस, डिस्पॅच यांचा प्रत्येकी एक जण, जो तिथल्या तिथे हो-नाही सांगू शकेल. तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर ७ वाजता घरी जातो, म्हणून निघण्याआधी त्याने फळ्यावर तीन ओळी लिहायच्या: कोणतं मशीन बंद, कोणता लॉट होल्डवर, काय संपत आलंय. या ओळी नसल्या तर बाराच्या बारा मिनिटं 'रात्री काय झालं' यातच जातात.

सुरुवात डिस्पॅचने करायची. न्हावा शेवा बंदराला आज माल जायचा असेल तर जड वाहनांच्या बंदीआधी गाडी किती वाजता सुटायला हवी, त्यासाठी फायनल इन्स्पेक्शन कधी संपायला हवं, आणि मग शेवटचा नग मशीनवरून कधी उतरायला हवा, असं मागे मागे या. प्रॉडक्शनपासून सुरू केलं की कालची कारणं ऐकण्यात वेळ जातो.

तीन दिवस लाल राहिलेली ओळ चौथ्या दिवशी प्लांट हेडकडे जाते. पहिले पंधरा दिवस त्यांनी यावं, पण मागे उभं राहून गप्प बसावं. एकदा का फळ्यासमोर कोणाला झापलं, की दुसऱ्या दिवसापासून फळा हिरवागार.

एवढं करूनही भांडण राहतं, कारण ते टार्गेटमध्येच असतं. पर्चेसला शाबासकी मिळते ती रेट पाडल्याची. समजा, ईएन-८ या जातीच्या पोलादाचा बार किलोमागे २ रुपयांनी स्वस्त मिळाला. ५ टनांवर १०,००० रुपये वाचले. पण कार्बन ०.३६ टक्क्यांच्या खाली निघाला, तर इंडक्शन हार्डनिंगनंतर (विजेच्या कॉइलने पृष्ठभाग तापवून, झटक्यात गार करून कडक केल्यावर) हवी ती हार्डनेस येत नाही. तोवर टर्निंग, ग्राइंडिंग सगळं झालेलं असतं. ६०० रुपये खर्च झालेले ४० नग बाद झाले की २४,००० गेले, आणि ते मोजले जातात प्रॉडक्शनच्या रिजेक्शनमध्ये! म्हणून मटेरियलमुळे झालेलं रिजेक्शन पर्चेसच्या बचतीतून वजा करा. नव्या सप्लायरकडून आधी २०० किलोच घ्या. त्यातले नग हार्डनिंगमधून पार होऊन क्यूसीची सही झाल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊ नका.

ड्रॉइंग बदलताना डिझाइनवाले मेल टाकून मोकळे होतात. त्याऐवजी एक पानी फॉर्म करा: काय बदललं, कोणत्या बॅचपासून, जुने तयार नग स्टोअरमध्ये आणि मशीनवर किती, त्यांचं काय करायचं. डिझाइन, प्लॅनिंग, क्यूसी, स्टोअर अशा चार सह्या. खरा घोटाळा मशीनपाशी लटकवलेल्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये असतो. जुनी, तेलकट प्रत तिथेच राहते आणि ऑपरेटर तीच बघून माल काढतो. प्रती मोजून द्या, मोजून परत घ्या. ६ दिल्या होत्या आणि ५ च आल्या, तर सहावी सापडेपर्यंत नवं ड्रॉइंग शॉपवर सोडायचं नाही.