सेल्फ-टॅनर लावलेल्या त्वचेवर सनस्क्रीन कसे वापरावे

सेल्फ-टॅनरने, म्हणजे उन्हाशिवाय त्वचेला तपकिरी रंग देणाऱ्या क्रीम किंवा लोशनने, त्वचा सावळी दिसते, पण उन्हापासून वाचत नाही. हा रंग मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्या नैसर्गिक रंगद्रव्याचा, नसतो. टॅनरमधले डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, म्हणजे डीएचए, त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी अभिक्रिया करते आणि मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्ये तयार होतात. ती डोळ्यांना दिसणारा (दृश्य) प्रकाश आणि उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीए हा प्रकार थोडा शोषतात. त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या दुसऱ्या प्रकाराला जेमतेम अडवतात. एसपीएफ, म्हणजे भाजण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा, फार तर ३-४ भरतो.

टॅनर रात्री लावावा. आधी स्क्रबने मृत पेशी काढा, साबणाचा अंश राहू देऊ नका (अल्कधर्मी पृष्ठभागावर रंग बिघडतो) आणि त्वचा पूर्ण कोरडी करा. कोपर, गुडघे, घोटे इथला थर जाड आणि कोरडा असल्याने तिथे रंग गडद चढतो. म्हणून त्या जागी आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरवा. तळहात लगेच धुवा. २ ते ४ तासांत रंग दिसू लागतो आणि २४ तासांपर्यंत गडद होत जातो. पहिले ६ ते ८ तास पाणी आणि घाम टाळा. पहिला दिवस कडक उन्हातही जाऊ नका: ताज्या डीएचएवर अतिनील किरण पडले की मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) जास्त तयार होतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

सनस्क्रीन दुसऱ्या दिवसापासून, बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटे लावा. एसपीएफ ३० म्हणजे भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ३.३ टक्के आत जातात, ५० म्हणजे २ टक्के. पण ही मोजणी दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून होते. बहुतेक लोक याच्या निम्मेही लावत नाहीत, मग बाटलीवरचा आकडा कागदावरच राहतो. चेहरा आणि मानेला तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा घ्या, सर्वांगाला ३० मिली. दर दोन तासांनी, तसेच पोहल्यावर किंवा टॉवेलने अंग पुसल्यावर, पुन्हा लावा.

सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड किरण आरशासारखे परतवते, हा समज चुकीचा आहे. तेही मुख्यतः शोषूनच घेते. त्वचेवर काळपट डागांची तक्रार असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण असे डाग गडद करणारा दृश्य प्रकाश साधे सनस्क्रीन फारसा रोखत नाही.

'एसपीएफयुक्त' टॅनरवर विसंबू नका: त्याचे संरक्षण काही तासांत संपते, रंग मात्र ५ ते ७ दिवस टिकतो. रंगाचे चट्टे पडले तर साबणाने जात नाहीत; हलका स्क्रब करा आणि वरचा थर झडण्याची वाट पाहा.