'टेल'च्या या चुका टाळा, सांगून सांगून थकलो बाप्पा

दारव्ह्याकडं इंग्रजीचे क्लास घेतो, अन् दर बॅचले पहिल्याच दिवशी 'सर, टेल टू मी' ऐकतो. दोष पोट्ट्यांचा अर्धाच, आपण 'मले सांग' म्हणतो ना, त्या 'ले'च्या जागी 'टू' बसवून मोकळे होतात. 'टेल'मागं माणूस सरळ येतो, मधात 'टू' नाही. टेल मी, टेल हिम. माझी सवय अशी, 'टेल' लिहिलं की पुढच्या शब्दावर बोट ठेवायचं, तिथं माणूस दिसला पाहिजे. ट्रूथ, लाय, स्टोरी, टाइम असे काही बिनमाणसाचे चालतात, तेवढे पाठ करा.

'ही सेड मी' नाही. 'से'ले 'टू' लागतो.

खरी डोकेदुखी पुढं आहे. पोट्टे मोबाइलवर 'टेल'चा अर्थ पाहतात, पहिलाच दिसतो 'सांगणे', की मोबाइल खिशात. खाली सरकवायले बोट दुखते का? 'टेल' म्हणजे ओळखणं, फरक कळणं हेही आहे.

माझा एक पोट्टा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडरच्या (कापसाची प्रत ठरवणाऱ्याच्या) इंटरव्ह्यूले गेला. घरची कपाशी, लहानपणापासून वेचणीत हात. साहेबानं टेबलावर दोन पुंजके ठेवले, एक पहिल्या वेच्याचा, एक फरदडीचा (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेल्या कापसाचा), अन् विचारलं, 'कॅन यू टेल देम अपार्ट?' आता हा पोट्टा डोळे बांधून, नुसता चिमटीत धागा ओढून सांगेल कोणता कोणता ते, पण यानं 'टेल' ऐकलं म्हणजे सांग, 'अपार्ट' म्हणजे वेगवेगळं, अन् कापसाले हात न लावता 'येस सर, कॉटन इज अ कॅश क्रॉप' पासून जो सुरू झाला तो पाच मिनिटं निबंधच म्हणत राहिला. साहेबानं पुंजके उचलून ठेवले. काम दुसऱ्याले लागलं. संध्याकाळी मले फोन, 'सर, डाव्या हातचा फरदडीचा होता, तेवढंच विचारून राहिला होता का तो?'

काय बोलू मी.

'टेल ऑन' म्हणजे चुगली करणं, 'टेल ऑफ' म्हणजे झापणं. घाईत उलटं लावू नका.

अन् बँकेतला टेलर कपडे शिवत नाही, त्याचं स्पेलिंगच वेगळं. 'टेल'चा जुना अर्थ मोजणं, म्हणून नोटा मोजणारा तो टेलर, अन् 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळं मिळून. हे सांगितलं की मागच्या बाकावरचा एक जण दरवर्षी विचारतो, 'सर, हे परीक्षेत येते का?'